पान उलटून बघा

नमस्कार श्रोतेहो. पाऊस लागला की आपल्या कोल्हापुरात जुन्या वाड्यांच्या भिंतींत, आडाच्या कडेला, दगडांच्या सांदीत एक नाजूक झाड उगवतं. काळाभोर, तारेसारखा देठ आणि त्यावर इवल्या पंख्यांसारखी पानं. हा हंसराज. याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. हा नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या गोतातला.

नेचा ओळखायचा तर पान उलटून बघावं. मागे तपकिरी ठिपके नाहीतर रेघा दिसतात. कीड पडली म्हणून औषध मारणारेही मी पाहिलेत! त्या असतात बीजाणूंच्या पुड्या. बीजाणू म्हणजे बीऐवजी ज्यातून नेचा उगवतो ते धुळीसारखे बारीक कण. हंसराजाच्या पानाची कड मागे दुमडून त्यांच्यावर पांघरूण घालते. काही नेच्यांत त्या उघड्याच असतात. पुड्या कुठे, कशा आकाराच्या, झाकलेल्या की उघड्या, यावरून अभ्यासकांनी नेच्यांची कुळं लावली. पुढं डीएनए तपासणी आली आणि नाती बरीच बदलली. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात लायकोपोडियम, सिलाजिनेला ही बीजाणूंवरच वाढणारी बिनफुलांची मंडळी नेच्यांपासून वेगळी निघाली, तर सांधेदार खोडाचं इक्विसेटम नेच्यांतच बसलं. आणि गोठ्यामागच्या हौदात जनावरांसाठी वाढवतो तो अ‍ॅझोला? तोही नेचाच, पाण्यावर तरंगणारा.

आता गगनबावड्याची एसटी धरा. जसजसं पश्चिमेला जाल तसतसे नेचे वाढत जातात. त्याचं कारण त्यांच्या जन्मात आहे. बीजाणू रुजला की आधी नखाएवढं, बदामाच्या आकाराचं हिरवं पापुद्र्यासारखं रोप होतं. त्यावरच्या नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहत जावं लागतं. पाण्याचा पातळ थर तरी हवाच. घाटमाथ्यावर धुकं दिवस दिवस हलत नाही. तिथं नेचे जमीन सोडून झाडांच्या फांद्यांवर चढतात. दक्षिण सह्याद्रीच्या ओल्या घळींत तर ताडासारखे उभे वृक्षनेचे आहेत.

फांदीवर राहणाऱ्यांत माझं आवडतं बाशिंग. नवरदेवाच्या कपाळावर बांधावं तसं ते खोडाला बिलगतं. त्याला दोन तऱ्हांची पानं. लांब, हिरवी, कातरलेली पानं बीजाणू धरतात. बुडाशी तपकिरी, कागदासारखी आखूड पानं असतात, ती मेलेली वाटतात. पण त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो, कुजतो, आणि तेच बाशिंगाचं खत. उन्हाळ्यात हिरवा भाग झडतो, नुसत्या शिरा उरतात.

एका वैशाखात आमच्या आंब्यावरचं बाशिंग वाळलं असं समजून मी खुरप्यानं अर्धं खरवडून काढलं. हात दुखला म्हणून उरलेलं तसंच राहिलं. मृगाचे दोन पाऊस झाले आणि त्या उरलेल्या अर्ध्यातून कोवळी, वळलेली पानं वर आली.