गॅलरीत बसलेली सहा मुलं

(दृश्य : क्रीडागृहातला गोंगाट. कॅमेरा मैदानावरून हळूहळू वर, गॅलरीकडे.)

खाली मैदानात सहा रोबो धावतायत. तीन लाल, तीन निळे, एकेकाचं वजन पन्नास किलोच्या आसपास. सगळं क्रीडागृह त्यांच्याकडे बघतंय. आपण मात्र गॅलरीत बघू. तिथे सहा मुलं मांडीवर टॅब्लेट घेऊन बसली आहेत. ती टाळ्या वाजवत नाहीत, कारण हात मोकळे नाहीत. प्रत्येकाला एकच रोबो नेमून दिलाय. अडीच मिनिटं त्याच्यावरून नजर हटवायची नाही, मग मैदानात दुसरीकडे काहीही होवो.

या कामाला स्काउटिंग म्हणतात. मी या मुलांबरोबर आधी पालक म्हणून आलो, मग मेंटॉर म्हणून राहिलो. त्यांच्या हातातलं ॲप आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंय.

(दृश्य : जिममधलं मैदान, जुनी छायाचित्रं.)

शाळकरी मुलांची ही रोबो-स्पर्धा 'फर्स्ट' या संस्थेची. डीन केमन यांनी ती १९८९ मध्ये सुरू केली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरला, एका शाळेच्या जिममध्ये पहिली स्पर्धा झाली. तेव्हा २८ टीम होत्या. आज जगभरातून हजारो टीम उतरतात. मुंबईची ६०२४ क्रमांकाची 'आर फॅक्टर' त्यांतलीच एक. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि मुलं जेमतेम काही आठवड्यांत रोबो उभा करतात.

२००५ पासून सामना तीन विरुद्ध तीन असा असतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत जोडीदार आपण निवडत नाही, वेळापत्रक ठरवतं. सकाळी जो आपल्या बाजूने खेळला तोच दुपारी समोर उभा असतो. मग वरच्या आठ टीमचे कॅप्टन भर मैदानात, माईकवर, आपापले दोन साथीदार निवडतात. निवडीच्या पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलट, आठ ते एक. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या कॅप्टनला दुसरा साथीदार मिळेपर्यंत, कॅप्टनांचे आठ धरून, तेवीस रोबो गेलेले असतात. चांगल्यातला चांगला रोबो कोणता ते सगळ्यांनाच दिसतं. पण चोविसावा कोण घ्यायचा? तिथे सगळ्यांची परीक्षा होते.

(दृश्य : फळ्यावर समीकरणं लिहिणारा हात.)

त्यासाठी एक आकडा पूर्वीपासून वापरात आहे. ऑफेन्सिव्ह पॉवर रेटिंग, म्हणजे स्कोअरमध्ये एका रोबोचा अंदाजे वाटा. मुलांच्या तोंडी ओपीआर. कॅनडातल्या १११४ क्रमांकाच्या टीममध्ये ही कल्पना निघाली. समजा, ४८ टीम आहेत आणि प्रत्येकीच्या दहा मॅच झाल्या. म्हणजे एकूण ८० मॅच. प्रत्येक मॅचला लाल आणि निळा असे दोन स्कोअर, म्हणजे १६० समीकरणं आणि अज्ञात राशी फक्त ४८. तिन्ही रोबोंच्या वाट्याची बेरीज म्हणजे त्या बाजूचा स्कोअर, असं धरून सगळ्या समीकरणांना सर्वांत जवळ जाणारं उत्तर काढायचं. ही न्यूनतम वर्ग पद्धत लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली होती. दहावीची मुलगी ती लॅपटॉपवर चार ओळींत सोडवते, तेव्हा मला आजही भरून येतं.

'द ब्ल्यू अलायन्स' या संकेतस्थळावर हा आकडा कुणालाही फुकट बघता येतो. मग सहा मुलांनी वर कशाला बसायचं? हे मीही एकदा विचारलं होतं. आमच्यातली एक अकरावीची मुलगी म्हणाली, "काका, ओपीआरला बेरीज कळते. कुणी काय केलं ते कळत नाही."

(दृश्य : नारिंगी कडं रोबोच्या तोंडातून उडतं.)

२०२४ चा खेळ घ्या, क्रेसेंडो. फोमची नारिंगी कडी, त्यांना म्हणायचं 'नोट'. नोट उंचावरच्या स्पीकरमध्ये टाकली की दोन गुण. बाजूच्या खाचेत, म्हणजे ॲम्पमध्ये, टाकली तर एकच. पण ॲम्पमध्ये दोन नोटा जमल्या की बटण दाबता येतं. मग दहा सेकंद, किंवा चार नोटा होईपर्यंत, स्पीकरमधली प्रत्येक नोट पाच गुणांची. एक रोबो निमूटपणे ॲम्पमध्ये दोन नोटा ठेवतो, आणि त्याच्या जिवावर दुसरा चार नोटा फेकून आठाऐवजी वीस गुण मिळवतो. वरचे बारा गुण कुणाचे? समीकरण ते तिघांत कसेबसे वाटून टाकतं. गॅलरीतल्या मुलाला मात्र ते समोर दिसतं.

(दृश्य : टॅब्लेटचा पडदा, दोन अंगठे.)

आमच्या पहिल्या ॲपमध्ये प्रश्नच प्रश्न होते. मुलं पडद्यावरचा प्रश्न वाचायची, तेवढ्यात रोबो दोन नोटा टाकून मोकळा. तेव्हा मुलांनीच नियम केला : मॅच चालू असताना वाचायचं काही नाही. दोन अंगठ्यांखाली येतील अशी मोठी बटणं, चुकलं तर मागे घ्यायला एक बटण, आणि दाबल्यावर हाताला जाणवेल इतकी थरथर. मत द्यायचं ते मॅच संपल्यावर.

त्याच स्पर्धेत आमची मोठी फसगत झाली. ॲपमधल्या मैदानाच्या चित्रात लाल बाजू डावीकडे होती. आम्हाला जागा मिळाली समोरच्या गॅलरीत, तिथून लाल उजवीकडे. काही मुलांनी मनातल्या मनात चित्र फिरवलं, बाकीच्यांनी दिसलं तसं टिपलं. कुठला रोबो कुठून सुरुवात करतो याची अख्ख्या सकाळची नोंद वाया गेली. आता ॲप उघडलं की पहिला प्रश्न एवढाच असतो : लाल बाजू तुमच्या कुठल्या हाताला?

चूक पकडायचा दुसरा उपाय मला फार आवडतो. अधिकृत निकालात प्रत्येक बाजूने स्पीकरमध्ये किती नोटा टाकल्या ते येतं, फक्त कुणी टाकल्या ते नसतं. म्हणून तीन मुलांच्या मोजणीची बेरीज करून अधिकृत आकड्याशी ताडायची. जुळली नाही की ती ओळ लाल. मग तिघं डोकं लावून बसतात, व्हिडिओ परत बघतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसची १६७८ क्रमांकाची टीम, सिट्रस सर्किट्स, एकेका रोबोवर तीन-तीन मुलं बसवते आणि आपली पद्धत सगळ्यांसाठी खुली ठेवते. त्यांनी लिहून ठेवलेलं वाचूनच आम्ही शिकलो.

(दृश्य : टॅब्लेट उंच धरलेला, समोर लॅपटॉपचा कॅमेरा.)

सहा टॅब्लेटमधली माहिती एका लॅपटॉपवर आणायची कशी? वायफाय चालत नाही. रोबो वायफायवरच चालतात, त्यामुळे टीमने स्वतःचं नेटवर्क लावायला बंदी असते. यावर तोडगा म्हणजे क्यूआर कोड. मॅच संपली की टॅब्लेटवर चौकोन उमटतो, मूल तो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरतं, टिंग वाजतं, पुढचा येतो. मंडईत क्यूआर दाखवून भाजीचे पैसे देणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण तारेशिवाय आणि नेटशिवाय सहा रांगा मिनिटभरात तक्त्यात येतात, ते बघण्यासारखं असतं.

(दृश्य : रात्र, हॉटेलची खोली, जमिनीवर बसलेली मुलं.)

निवडीच्या आदल्या रात्री पिकलिस्ट ठरते, म्हणजे कुणाला कोणत्या क्रमाने घ्यायचं याची यादी. तक्ता भिंतीवर आणि मुलं जमिनीवर. वरची दहा नावं पाच मिनिटांत लागतात. खरा वाद विसाव्या नावापाशी सुरू होतो. त्या रात्री यादीच्या तळाशी एक लहानशी टीम होती. ओपीआर अगदी बेताचा, स्पीकरमध्ये जवळपास काहीच नाही. कुणीतरी नाव खोडायला हात पुढे केला. तेवढ्यात नववीतला एक मुलगा, दिवसभर तोंडातून शब्द न काढलेला, म्हणाला, "थांबा, माझी टीप वाचा."

टिपेत लिहिलं होतं : 'हा स्वतः टाकत नाही. पलीकडून नोटा ढकलून जोडीदाराला पुरवतो. या मॅचमध्ये सात वेळा.'

मग प्रत्येक मॅचची टीप काढली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मुलांनी, एकमेकांना न विचारता तेच लिहिलं होतं. रात्री साडेअकराला ते नाव दहा जागा वर सरकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ॲपमध्ये एक बटण वाढवलं : 'पुरवली'.

(दृश्य : मैदान. रांगेत उभे कॅप्टन. एका मुलीच्या हातात कागद आणि पेन्सिल.)

आमचा क्रमांक दुसरा. दुसरी फेरी उलटी येत होती. एकेक क्रमांक पुकारला जात होता आणि आमची मुलगी कागदावर तो खोडत होती. कॅप्टनांचे धरून बावीस रोबो झाले. तिने यादी पाहिली, मान वर करून गॅलरीकडे पाहिलं, आणि माईक हातात घेऊन त्या लहानशा टीमचा क्रमांक सांगितला.

पलीकडच्या कोपऱ्यात, सामान आवरायला घेतलेली आठ मुलं एकदम उभी राहिली.