ऑलिव्हचा ठसका आणि झाडाची तहान

नमस्कार श्रोतेहो.

ऑलिव्ह तेल पारखणारे जाणकार ते कसं चाखतात, हे बघण्यासारखं असतं. छोट्या निळ्या पेल्यात चमचाभर तेल घेतात. पेला निळा, कारण तेलाचा रंग बघून आधीच मत बनू नये. पेला तळहातांत धरून कोमट करतात, वास घेतात आणि मग हवेसकट घोट ओढतात, चांगला आवाज करून. आधी जिभेवर कडसर चव येते. गिळल्यावर क्षणभराने घशात झोंबतं, ठसका लागतो. आपल्याला वाटेल, तेल बिघडलंय. जाणकार मात्र या कडूपणाला आणि झोंबण्याला चांगल्या तेलाचे गुण मानतात.

हा ठसका ओलिओकँथल नावाच्या द्रव्यामुळे लागतो. शरीरात दाह वाढवणाऱ्या ज्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध रोखतं, त्यांनाच हे द्रव्यही रोखतं, असं अमेरिकेतल्या मोनेल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं. चमचाभर तेलातून मिळणारी मात्रा अर्थात फार थोडी. गोळीच्या जागी तेल, असं कुणी करू नये.

पण झाड हे द्रव्य आपल्यासाठी बनवत नाही. ऑलिव्हच्या पानात आणि फळात ओल्युरोपीन नावाचं कडूजहर द्रव्य असतं. ते पेशीत एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. किडीने पान कुरतडलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि किडीला अन्नातली प्रथिनं पचेनाशी होतात. घाण्यात फळं भरडली जातात तेव्हाही अशीच विकरं कामाला लागतात, आणि त्यातून तेलातली कडू, झोंबणारी द्रव्यं तयार होतात. म्हणजे किडीवर रोखलेलं हत्यारच आपण चवीने खातो.

उन्हाशी लढतानाही हीच फिनॉल वर्गातली द्रव्यं झाडाच्या उपयोगी पडतात. पाणी कमी पडलं की झाड पानांची रंध्रं मिटून घेतं. ऊन मात्र पानावर पडतच राहतं. वापरता न आलेल्या त्या ऊर्जेतून पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. त्यांना आवर घालायला झाड फिनॉल वाढवतं. म्हणूनच बेताचं पाणी दिलेल्या बागेतलं तेल भरपूर पाणी दिलेल्या बागेपेक्षा सहसा अधिक कडू, अधिक झोंबणारं निघतं.

आपल्या डाळिंब-संत्र्याच्या बागायतदारांना ताण म्हणजे काय, ते सांगायला नको. बहार धरायचा तर पाणी तोडायचं, पण किती दिवस आणि कुठल्या जमिनीत, हे बघून. वेळेवर पाणी देऊन ताण तोडला नाही तर झाडच बसतं.

हवामान बदलतं तेव्हा ताण केव्हा तोडायचा, हे बागायतदाराच्या हातात उरत नाही. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात हाएन नावाचा जिल्हा आहे, तिथे सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडं आहेत. 27 एप्रिल 2023 रोजी शेजारच्या कोर्दोबात पारा 38.8 अंशांवर गेला. एप्रिल-मे म्हणजे ऑलिव्हचा मोहोर धरायचे दिवस. त्या उन्हात फुलं करपतात, फळधारणा होत नाही. 2021-22 च्या हंगामात स्पेनमध्ये सुमारे 15 लाख टन तेल निघालं होतं. पुढच्याच, 2022-23 च्या दुष्काळी हंगामात ते निम्म्याहूनही खाली, 6.65 लाख टनांवर आलं. शिवाय तेल भरायच्या काळात उष्णता फार वाढली तर फळात तेलच कमी भरतं आणि तेलातलं ओलेइक आम्ल हे मुख्य मेदाम्ल घटतं. हिवाळा उबदार गेला तर मोहोरच नीट येत नाही. तेव्हा 'दुष्काळाने तेल पौष्टिक होतं' असं कुणी आनंदाने सांगू लागलं, तर मला ते पटत नाही. झाडावर फळच धरलं नाही, तर त्यातल्या फिनॉलचं कौतुक काय करायचं?

यावर तिथले शेतकरी आणि संशोधक उपाय शोधताहेत. फळातली कोय कठीण होत असते, तेव्हा झाडाला पाण्याची टंचाई त्यातल्या त्यात सोसते. नेमकं तेव्हा पाणी कमी करायचं आणि फुलोऱ्यात, तेल भरताना राखून ठेवलेलं द्यायचं. काही जण ऑक्टोबरातच हिरवी फळं उतरवतात. तेल कमी निघतं, पण फिनॉल भरपूर असतात.

आता आपल्या दुकानातल्या बाटलीकडे वळू. 'पोमेस' किंवा 'लाइट' लिहिलेलं तेल मुख्यतः शुद्धीकरण केलेलं असतं, त्यात ही द्रव्यं जवळपास उरत नाहीत. ती हवी असतील तर 'एक्स्ट्रा व्हर्जिन'च घ्यावं. 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल नावाचं फिनॉल आणि त्याच्या कुळातली द्रव्यं मिळून किमान 5 मिलिग्रॅम असतील, तरच फिनॉलच्या आरोग्यगुणाचा दावा छापण्याची मुभा युरोपीय संघ 2012 पासून देतो. बाटलीवर फळं उतरवल्याची तारीख असेल तर ती जरूर बघा, कारण फिनॉल महिन्यागणिक घटत जातात. बाटली गडद काचेची घ्या, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा आणि एकदा उघडली की महिना-दोन महिन्यांत संपवा.

नमस्कार.