श्रद्धा बसते की ठेवायची?

नमस्कार, श्रोतेहो. मराठीत श्रद्धा ‘बसते’, ‘उडते’ आणि ‘ठेवावी’ही लागते. पहिल्या दोन क्रियापदांत माणसाचा हात नाही, तिसऱ्यात आहे. श्रद्धा जन्मजात की निवडलेली, हा वाद या तीन क्रियापदांतच आहे.

‘पिंडच तसा आहे’ असं आपण म्हणतो. हा पिंड मोजायचा कसा? संशोधक त्यासाठी जुळ्यांकडे जातात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत जुळतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच, म्हणजे फरक पडू शकतो त्या जनुकांपैकी सरासरी निम्मी. घर दोघांचंही एकच. साम्य मोजायची पट्टी 0 ते 1: 0 म्हणजे साम्य नाहीच, 1 म्हणजे तंतोतंत. समजा, धार्मिकतेच्या प्रश्नावलीत एकसारख्या जोड्यांचं साम्य 0.6 आलं आणि वेगळ्या जोड्यांचं 0.4. फरक 0.2. तो निम्म्याच जनुकांच्या जादा साम्याचा, म्हणून त्याची दुप्पट, 0.4. हा आनुवंशिकतेचा वाटा. 0.6 मधून तो वजा केला की उरलेले 0.2 घरचे संस्कार. बाकी 0.4 ज्याच्या त्याच्या आयुष्याचे. त्यात मोजमापातल्या चुकाही आल्या.

अमेरिकेत मिनेसोटातल्या जुळ्या पुरुषांचा असा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणच्या धार्मिकतेत आनुवंशिकतेचा वाटा 12 टक्के निघाला, तिशीनंतरच्या धार्मिकतेत 44. घराचा वाटा 56 वरून 18 वर आला. आई हात धरून देवळात नेते तोवर घर बोलतं, पोर आपल्या पायांनी हिंडू लागलं की पिंड डोकं वर काढतो. एक मेख मात्र आहे. लहानपणचे आकडे मोठेपणी आठवून दिलेले होते, आणि आठवणीला आजच्या मताचा रंग चढतोच.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. ‘44 टक्के’ म्हणजे तुमच्या भक्तीतला 44 टक्के भाग जनुकांतून आला, असं नव्हे. त्या गटातल्या माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला तेवढा भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता आला, इतकंच. गट बदलला की आकडा बदलतो. शिवाय एकसारख्या जुळ्यांना लोक वागवतातही एकसारखं, त्यामुळे हिशोब फुगू शकतो. उलट, धार्मिक माणसं धार्मिक जोडीदार शोधतात, तेव्हा वेगळ्या जुळ्यांतलं साम्य वाढतं आणि आकडा खाली येतो. प्रश्नावलीचं तर विचारूच नका. ‘आठवड्यातून किती वेळा प्रार्थनास्थळी जाता?’ या प्रश्नावर, रोज देवघरात दिवा लावणारी पण देवळाची पायरी क्वचित चढणारी आजी नास्तिकांच्या शेजारी जाऊन बसेल!

2004 मध्ये डीन हेमर या अमेरिकी शास्त्रज्ञानं एका जनुकाचा संबंध अध्यात्माशी जोडला आणि ‘देवाचं जनुक’ सापडल्याचा गाजावाजा झाला. मोजलं होतं ते स्वतःला विसरून स्वतःपलीकडे जाण्याची वृत्ती. ती संगीतात बुडालेल्या नास्तिकातही असते. शिवाय कोणता धर्म, हे तर जनुकांत मुळीच लिहिलेलं नसतं. ते पाळण्यापासून घर ठरवतं.

मग निवड कुठे? आत्ता, या क्षणी, बाहेर गारा पडताहेत असं मनापासून मानून दाखवा. जमत नाही. विश्वास हुकमानं बसत नाही. हुकमात असतं ते आचरण आणि संगत. वारकरी माळ घालतो तेव्हा तो मद्यमांस सोडायचं, एकादशी करायची, पंढरीची वारी करायची, असं पत्करतो. मनात काय यावं याची अट त्यात नाही. भाव मागून येतो, कधी येतही नाही.

डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. प्रत्यक्ष दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात. मधली 21 वर्षं धर्मांच्या अभ्यासाची आणि विचाराची. घरानं दिलेला धर्म माणूस जाणूनबुजून बदलू शकतो, याचं याहून ठसठशीत उदाहरण आपल्याकडे नाही. त्या दिवशी दिलेल्या 22 प्रतिज्ञांची क्रियापदं पाहा: चोरी करणार नाही, दारू पिणार नाही. आणि देवांबद्दल? ‘मानणार नाही’, आणि त्याला जोडूनच, ‘उपासना करणार नाही’.