भरती-ओहोटी पाहून निघालेली गाडी

(दृश्य: समुद्रावरून दिसणारा कोकणचा किनारा. हिरव्या डोंगरांतून आत शिरलेल्या खाड्या.)

मुंबईहून गोव्याला विमान सव्वा तासात पोचतं. खिडकीची जागा मिळाली आणि ढग नसले, तर खाली हा असा हिरवा-तपकिरी पट्टा सरकताना दिसतो. त्यात जागोजागी समुद्र आत शिरलेला असतो. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. कुठली खाडी कुठली हे कळायच्या आत पट्टे बांधायची सूचना होते.

आपण आज याच खाड्यांवरून जाणार आहोत. खालून, पाण्यावरून, गाडी सोबत घेऊन. मुंबईपासून गणपतीपुळ्यापर्यंत, वाटेत तीन मुक्काम. गोव्याचं तिकीट काढायला बसलेल्या प्रत्येकानं त्याआधी एकदा हा रस्ता बघावा, एवढ्यासाठी ही फिल्म केली आहे.

(दृश्य: दादरमधलं एक घर. जेवणाच्या टेबलावर नकाशा, भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणलेली. आजोबा आणि नात.)

या प्रवासाची आखणी किलोमीटरवर करता येत नाही. ती पाण्याच्या वेळेवर करावी लागते. म्हणून सुरुवात दिनदर्शिकेपासून.

(मूळ आवाज)
"हरिहरेश्वरला पोचाल त्या दिवशी तिथी कुठली गं?"
"पंचमी, आजोबा."
"मग कर पाऊणपट."
"पाच त्रिक पंधरा, भागिले चार… पावणेचार."
"म्हणजे पावणेचारला भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी. पावणेदहाला तिथं हजर राहा."

(निवेदन)
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी आणि खलाशांनी हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. दर दिवशी वेळ साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची हालचाल बेताची. मिनिटामिनिटाचा तक्ता आता मोबाईलवर मिळतो आणि निघण्याआधी तो पाहावाच, पण सुट्टीचे दिवस निवडताना हा तोंडी हिशेब पुरतो.

या घरानं सगळी आखणी हरिहरेश्वरपासून उलटी केली. तिथली प्रदक्षिणेची वाट भरतीला पाण्याखाली जाते. सकाळी ओहोटी हवी, म्हणून आदल्या रात्री दिवेआगर. दिवेआगरला उजेडी पोचायचं, म्हणून पहिली बोट. मग पुढचे दोन मुक्काम आपोआप पडतात, एक हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला, दुसरा गुहागरला. रोज फार अंतर नाही. घाट अरुंद आहेत, समोरून एसटी आली की गाडी कडेला घेऊन थांबावं लागतं, आणि थांबावंच, कारण त्या चालकाला रस्त्याचं प्रत्येक वळण पाठ असतं. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे या आजोबांनी कागदावर सगळ्यात वर लिहून दिलं.

(दृश्य: पहाटेचा भाऊचा धक्का. गाड्यांची रांग. बोटीचा उतरता फळा खाली येतो, गाड्या एकामागून एक आत.)

भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला म्हणून हे नाव. आज इथं बाजूलाच मासळीचा मोठा बाजार भरतो. मार्च २०२० पासून इथून मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी रो-रो बोट सुटते. तासाभराचा प्रवास.

किनाऱ्यानं कोकणात जाणं ही मुंबईची जुनीच रीत आहे. गिरगाव, लालबाग, परळ इथले चाकरमानी गावी जात ते बोटीनं. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जाई. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि पडाव तिच्या कुशीला येऊन लागत. ट्रंका, वळकट्या, लहान मुलं हातोहात खाली दिली जात. या समुद्रानं घेतलेली माणसंही मुंबई विसरलेली नाही. १७ जुलै १९४७ ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि मुंबईकरांच्या प्रवासातून किनारा सुटला. ज्यांनी तो बोटप्रवास केला, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांना एकदा या बोटीवर घेऊन या.

(दृश्य: वरचा डेक. बोटीमागून येणारे कुरव. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

नोव्हेंबर ते मार्च हे पाहुणे पक्षी बोटीची सोबत करतात. त्यांना फरसाण टाकू नका, बोटीच्या वाऱ्यावर नुसते तरंगताना ते जास्त छान दिसतात.

(दृश्य: रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लईचा दीपस्तंभ.)

मांडव्याहून अलिबाग, तिथून रेवदंडा. इथं पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आज नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला की उजव्या हाताला कोर्लईचं टोक. वर पोर्तुगीजांचा किल्ला, खाली दीपस्तंभ. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. पुढे काशीदचं सुरूचं बन, आणि मग मुरूड.

(दृश्य: राजपुरीचा धक्का. शिडाच्या होड्या. जंजिऱ्याचा तट जवळ येत जातो.)

राजपुरीहून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होडीनं जाता येतं. होडी तटाच्या अगदी समोर येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. एकोणीस बुरूज, आत गोड्या पाण्याचे तलाव, तटावर कलालबांगडी तोफ. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही. त्याच्यावर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी समोरच कासा खडकावर पद्मदुर्ग उभारला. तोही इथून दिसतो, आणि आपल्या मुलांना तो बोट दाखवून सांगायलाच हवा.

(दृश्य: आगरदांडा. जंगलजेटी धक्क्याला लागते. खलाशी हातानं खुणा करत गाडी चढवतो.)

आता या प्रवासाची खरी गंमत. कोकणात हिला जंगलजेटी म्हणतात. सपाट बुडाची, पुढून फळा उघडणारी फेरीबोट. खलाशी हातवारे करतो तसंच चाक वळवायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. कधी सरळ चढवतात, कधी उलटी. गाडी उभी राहिली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला. मग सगळ्यांनी खाली उतरायचं. गाडीशेजारी दुचाकी, टेम्पो, माशांच्या पाट्या, शाळेतून परतणारी मुलं. सगळे एकाच फळीवर, एकाच खाडीत.

या बाजूला आगरदांडा, त्या बाजूला दिघी. रस्त्यानं यायचं तर सगळ्या खाडीला वळसा घालावा लागला असता.

(दृश्य: दिवेआगरच्या वाड्या. पोफळीच्या रांगा. एका घराच्या मागल्या पडवीत मोदकाची पारी वळणारे हात.)

दिवेआगरला राहायची सोय बहुतेक घरगुती आहे. जेवण आधी फोन करून सांगावं लागतं, कारण माणसं मोजून तांदूळ काढले जातात. या काकू मोदकाच्या पारीला कळ्या पाडताना बोटं मधूनमधून तेल-पाण्यात बुडवतात. उकड हाताला चिकटू नये आणि कळी फाटू नये म्हणून. एकवीस कळ्या पडल्याशिवाय मोदक चाळणीत ठेवत नाहीत.

वाड्यांमध्ये मोकळ्या जागा दिसतील. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, आणि सुपारीचं झाड उत्पन्नावर यायला काही वर्षं लागतात. इथं रात्र काढून दिलेले पैसे थेट या घरांत जातात.

(दृश्य: शेखाडीचा किनारी रस्ता. मग हरिहरेश्वर, खडकांतली जिन्याची वाट.)

दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता समुद्राला चिकटून जातो. चित्रीकरणाला इथं आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त वेळ घेतला, तुम्हीही घ्या. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भट, पहिले भट पेशवे, यांचं गाव.

आणि पंचमीची सकाळ, पावणेदहा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून दोन कातळांच्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि एकदम समुद्राच्या तळाशी आल्यासारखं होतं. लाटांनी कातळ पोखरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी केली आहे. ही वाट भरतीला पाण्याखाली असते. ओहोटी असली तरी ओल्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, लाटेकडे पाठ करायची नाही, आणि गावकरी नको म्हणाले तर उतरायचं नाही. इथं माणसं वाहून गेली आहेत.

(दृश्य: कातळाची जाळी, पाण्याची डबकी, त्यातले खेकडे. फक्त लाटांचा आवाज.)

(दृश्य: बागमांडला ते वेसवी जंगलजेटी. पलीकडे बाणकोटचा डोंगर.)

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथं समुद्राला मिळते. वेसवीला उतरलं की रत्नागिरी जिल्हा. जवळच वेळास, नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारीनंतर इथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात आणि गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडतात.

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळ. पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, वाळूवर मासळीचे ढीग. लिलावाचा आवाज.)

केळशी, आंजर्ले करत दुपार टळताना हर्णैला पोचा. होड्या बाहेर नांगरलेल्या, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा. ढिगाभोवती कोंडाळं, मध्ये बोली पुकारणारा. नजर ढिगावर ठेवून बायका बोली वाढवतात, एखादी मान हलवते आणि सौदा तुटतो. कुणाच्या मध्ये उभे राहू नका आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, कामाची वेळ आहे. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते, तेव्हा हे दृश्य नाही.

(दृश्य: दाभोळची खाडी, जंगलजेटीवरून.)

दाभोळ ते धोपावे. २००३ मध्ये ही फेरी सुरू झाली आणि गुहागरला जायला खेड-चिपळूणचा वळसा सुटला. एके काळी दाभोळात दूरदेशीची गलबतं लागत. आज उजवीकडे अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. गुहागरहून तवसाळ, तिथून शेवटची जंगलजेटी, शास्त्री नदीच्या मुखावरून जयगडला. मग मालगुंड, जिथं १८६६ मध्ये केशवसुत जन्मले, आणि तिथून गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर.

(दृश्य: खाडीत रोवलेले काँक्रीटचे खांब. एक फेरी त्यांच्या बाजूनं जाते.)

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल होत आहेत. पूल झाले की जंगलजेटीचं काम संपेल. चौघांनी एका गाडीतून केलेल्या या प्रवासाचा धूर चार विमानतिकिटांपेक्षा पुष्कळ कमी आहे, तेही ध्यानात असू द्या.

(दृश्य: निवळीचा फाटा. महामार्ग.)

परतताना किनारा नाही. गणपतीपुळ्याहून निवळीला महामार्गावर या आणि सरळ मुंबई, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. माणगाव-इंदापूरला सुट्टीच्या संध्याकाळी गाड्या खोळंबतात, म्हणून पहाटे निघा. टाकी रत्नागिरीच्या बाजूलाच भरून घ्या. आणि जंगलजेटीच्या शेवटच्या फेरीची वेळ प्रत्येक धक्क्यावर वेगळी असते, ऋतूप्रमाणे बदलते. आदल्या दिवशी फोन करून विचारा.