गळ्यातला पट्टा मेंदू वाचवतो का?

(दृश्य: खेळाडूच्या मानेवरचा पट्टा, अगदी जवळून)

इंग्रजी 'सी' अक्षरासारखा वाकवलेला, पुढून उघडा असा हा पट्टा. मागून मानेवर चढवायचा आणि त्याची दोन्ही बाजूंची टोकं गळ्यातल्या शिरांवर नेमकी टेकतील अशी बसवायची. याचं नाव क्यू-कॉलर. अमेरिकेत फुटबॉल खेळणारी पोरं हा घालून मैदानात उतरतात. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा.

आता कुणीही विचारेल, डोक्यावर एवढं भक्कम हेल्मेट असताना गळ्यात पट्टा कशाला? तर हेल्मेट कवटी फुटू देत नाही. कवटी जागच्या जागी थांबते, पण आतला मेंदू त्याच वेगाने पुढे जातो, पिळवटतो, ताणला जातो. क्रिकेट बघणाऱ्यांना 'कन्कशन' हा शब्द आता पाठ झालाय. तो प्रकार हाच. साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेकदा काहीच दिसत नाही. आणि कन्कशन होण्याइतके जोरदार नसलेले, पण हंगामभर बसत राहणारे छोटे छोटे धक्के? त्यांची तर कुणी नोंदही ठेवत नाही.

पट्ट्यामागची कल्पना अशी. डोक्यातलं रक्त खाली आणणाऱ्या शिरांवर हलका दाब द्यायचा, म्हणजे थोडं रक्त वर कवटीतच रेंगाळतं. अर्धी बाटली हलवली की पाणी डचमळतं. काठोकाठ भरून बूच लावलं की त्याला हलायला जागाच उरत नाही. ऐकायला पटतं. अडचण एवढीच, की कवटी मुळात अर्धी बाटली नसते. मेंदू, त्याभोवतीचा द्रव आणि रक्त यांनी ती आधीच भरलेली असते. थोडं जास्त रक्त थांबल्याने धडकेच्या क्षणी नेमका किती फरक पडतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

(दृश्य: झाडाच्या बुंध्यावर चोच आपटणारा सुतार पक्षी, संथ गतीत)

या कल्पनेच्या प्रचारात सुतार पक्ष्याला फार मिरवलं गेलं. दिवसभर झाडावर डोकं आपटतो, तरी त्याला काही होत नाही! त्याची लांब जीभ कवटीला मागून वळसा घालते, तीच शिरांवर दाब देत असेल, असा तर्क. मग 2022 मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने या पक्ष्यांचं चित्रण केलं. दिसलं असं, की त्यांचं डोकं धक्का शोषून घेतच नाही, ते घट्ट हातोड्यासारखं आपटतं. पक्षी तगतो, कारण त्याचा मेंदू चिमुकला असतो. माणसाचा मेंदू काही तेवढा नाही.

पक्षी राहू द्या, आकड्यांकडे येऊ. 26 फेब्रुवारी 2021 रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, या पट्ट्याच्या विक्रीला परवानगी दिली. आधार होता शाळकरी फुटबॉल खेळाडूंच्या एका अभ्यासाचा. 284 खेळाडू; 139 जणांच्या गळ्यात पट्टा, 145 जणांच्या नाही. हंगामाआधी आणि हंगामानंतर एमआरआय. पट्टा नसलेल्यांपैकी 73 टक्क्यांच्या मेंदूच्या खोलवरच्या भागात लक्षणीय बदल दिसले. पट्टेवाल्यांपैकी 77 टक्क्यांमध्ये बदल दिसले नाहीत.

ही दोन वाक्यं पुन्हा ऐका. एकीकडे बदल झालेले मोजलेत, दुसरीकडे न झालेले. सरळ मांडायचं तर 73 विरुद्ध 23. फरक मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण फरक कशात? एमआरआयच्या चित्रात. त्या चित्रातल्या बदलाचा अर्थ पुढे विसरभोळेपणा, चिडचिड, आजार असा होतो का, हे त्या अभ्यासाने तपासलेलं नाही. शिवाय आपल्या गळ्यात पट्टा आहे की नाही, हे प्रत्येक पोराला ठाऊक होतं; औषधाच्या चाचणीत देतात तशी खोटी गोळी इथे नव्हती. आणि परवानगी देताना एफडीएनेच बजावलं, की हा पट्टा कन्कशन किंवा डोक्याची गंभीर इजा टाळतो असं या माहितीवरून सिद्ध होत नाही.

जाहिरात बघणाऱ्या किती आईबापांच्या कानावर हे वाक्य पडत असेल?

(दृश्य: कॅरोलिना पँथर्सच्या सामन्याचे क्षण)

कॅरोलिना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा ल्यूक कीकली 2017 च्या हंगामात हा पट्टा घालून खेळत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोक्याला मार बसल्याच्या शंकेवरून त्याला सामना सोडावा लागला. जानेवारी 2020 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी तो निवृत्त झाला. एका खेळाडूवरून पट्टा फसवा ठरत नाही. पण पट्टा म्हणजे कवच, ही समजूत मात्र टिकत नाही.

रग्बीने वेगळी वाट धरली. 2024 पासून वरच्या पातळीवरचे खेळाडू दातांवर सेन्सर असलेला माऊथगार्ड घालतात. डोक्याला ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा झटका बसला, की मैदानाबाहेरच्या डॉक्टरांना इशारा जातो आणि खेळाडूला तपासणीसाठी बाहेर बोलावतात. हा माऊथगार्ड मेंदू वाचवण्याचा दावा करत नाही. झटका बसून गेल्यावर तो फक्त चुगली करतो. मला तरी हा सौदा जास्त प्रामाणिक वाटतो. "मी ठीक आहे" म्हणून मैदानात रेटून उभा राहणारा खेळाडू निदान तपासला तरी जातो.

आणि ज्यात कुठलंही यंत्र नाही असा एक उपाय. 2016 मध्ये अमेरिकेतल्या आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या कॉलेजांनी फुटबॉलमध्ये सुरुवातीची किक 35 ऐवजी 40 यार्डांच्या रेषेवरून मारायचं ठरवलं. किक पाच यार्ड पुढून सुटली, चेंडू जास्त वेळा थेट मैदानाच्या टोकाच्या भागात जाऊन पडू लागला, तिथून तो घेऊन परत धावायची गरज नसते, आणि दोन्ही बाजूंनी धावत येऊन आदळायचे प्रसंगच घटले. अशा दर हजार किकमागे आधी सुमारे 11 कन्कशन होत. ती 2 वर आली. त्यासाठी कुणाला काही विकत घ्यावं लागलं नाही.