खांद्याकडे बघ

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे. मंडळी हौशी. तालीम कुणाच्या तरी माडीवर, प्रयोग एखाद्या गावच्या जत्रेत, आणि नशीब असेल तर आपल्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात. मी लहानपणी पेटीच्या कडेला, त्यांच्या पायाशी बसायचो. पाय भाता चालवत असायचे, बोटं सुरांवर, पण नजर सगळा वेळ नटावर. एकदा मी विचारलं, एवढं काय बघता? म्हणाले, "त्याच्या तोंडाकडे नको, खांद्याकडे बघ. खांदा वर आला की श्वास भरला. आता तान येणार."

संगीत नाटकावरून चित्रपट करायची गोष्ट निघाली की मला तो खांदा आठवतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांचं 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आलं आणि २०२५ च्या जानेवारीत सुबोध भाव्यांनी ते पडद्यावर आणलं. मध्ये एकशे चौदा वर्षं गेली. नाटकात नायिका भामिनी रुसली की रुसव्याचं पद यायचं. ते रंगलं की वन्समोअर, आणि वन्समोअर घेताना नवी जागा सापडली की पुन्हा एकदा! कथा तिथेच उभी राहायची. कुणाची तक्रार नसायची, कारण कथा सगळ्यांना पाठच असायची, लोक यायचे ते गाण्यासाठी. पडद्यावर हे चालत नाही. तिथे पदांना कात्री लागणारच, आणि त्याचं मला दुःख नाही. प्रश्न एवढाच, की कात्री कुठे लावायची?

याचं चोख उत्तर मला 'कट्यार काळजात घुसली'मध्ये मिळतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. गोष्ट दोन घराण्यांच्या गवयांची, पंडितजींची आणि खाँसाहेबांची, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यात 'घेई छंद मकरंद' दोनदा येतं. पंडितजींच्या गळ्यातून धानी रागात, खाँसाहेबांच्या गळ्यातून सालगवराळी रागात. शब्द तेच, पण दोन घराणी समोरासमोर उभी राहतात. ही पदं कापली तर गोष्टच उरत नाही. म्हणून २०१५ च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, तरी अभिषेकीबुवांच्या या चाली राहिल्या. आणखी एक गोष्ट आहे. खाँसाहेबांची विद्या मिळावी म्हणून तरुण सदाशिव त्यांच्या घरी नोकर होऊन राहतो. नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला त्या ऐकणाऱ्या पोराचे डोळे कुठून दिसणार? कॅमेऱ्याला दिसतात. रंगभूमीवर दाद समोरून यायची, चित्रपटात ती ऐकणाऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर दाखवता येते.

ही दाद तुटली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याशी ज्यांचं नातं, ते बालगंधर्व १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथ झाले. उभा जन्म श्रोत्यांशी बोलत गायलेला हा माणूस. तिथे त्याच्यासमोर यंत्र होतं, आणि यंत्र मान डोलवत नाही.

म्हणून जो कुणी पुढचं नाटक पडद्यावर आणेल, त्याला माझं हात जोडून सांगणं आहे. दहा पदं गाळा, पण जे एक ठेवाल ते पुरतं ठेवा. नुसता मुखडा वाजवून पुढे पळू नका. आणि जमेल तिथे गाणाऱ्यालाच भूमिका द्या.

'कट्यार' मी चित्रपटगृहात पाहिला. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, गळाही त्यांचाच. तानेच्या आधी त्यांचा खांदा किंचित वर आला. शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, अंधारात माझे दोन्ही पाय जमिनीवर भाता दाबत होते.