ताजा अक्रोड: आधी वाळवा, मग जपा

नमस्कार. सप्टेंबर आला की काश्मीर खोऱ्यात अक्रोड उतरवायला सुरुवात होते. उंच झाडांवर चढून लांब काठ्यांनी फांद्या झोडपाव्या लागतात आणि त्यात पडून दरवर्षी माणसे जायबंदी होतात. म्हणूनच आपल्या हाती आलेला अक्रोड हलगर्जीपणामुळे वाया जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

हिरवी साल सोलताना हातमोजे घाला, कारण तिच्या रसाने बोटे काळी पडतात आणि तो डाग साबणाने जात नाही. आता हा ताजा अक्रोड फोडतो. गर पांढराशुभ्र आणि ओलसर आहे. त्यावरचा पिवळसर पापुद्रा कडवट असतो, पण तो नखाने अलगद सुटतो आणि आतला गर कोवळ्या खोबऱ्यासारखा गोडसर लागतो.

मात्र हाच ओलावा त्याचा पहिला शत्रू आहे. ताजे अक्रोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले, तर त्यांना लवकरच बुरशी लागते. ओलेच खायचे असतील, तर ते कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. टिकवायचे असतील, तर कवचासकट धुऊन, जाळीवर एकाच थरात, सावलीत पंख्याखाली पसरा आणि रोज हलवा. वाळवण्याची घाई म्हणून ओव्हन वापरू नका; साधारण 40 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली, की आतले तेल बिघडू लागते. वाळल्याची खूण सोपी आहे: एक अक्रोड फोडून दोन फोडींमधला पातळ पडदा वाकवून पाहा. तो नुसता वाकला, तर अजून ओल आहे. कट्‌कन मोडला, तर अक्रोड भरून ठेवायला तयार आहे.

यानंतरचा शत्रू म्हणजे हवा. 100 ग्रॅम वाळलेल्या गरात सुमारे 65 ग्रॅम स्निग्धांश आणि 15 ग्रॅम प्रथिने असतात. सहा-सात अक्रोडांच्या गरातून, म्हणजे साधारण 30 ग्रॅममधून, अडीच ग्रॅमच्या आसपास वनस्पतिजन्य ओमेगा-3 मिळते, जे इतक्या प्रमाणात मोजक्याच शाकाहारी पदार्थांतून मिळते. अडचण अशी, की ज्या तेलामुळे अक्रोड गुणकारी ठरतो, तेच तेल प्राणवायूशी संयोग पावून सर्वांत लवकर खवट होते. म्हणून वाळलेले अक्रोड कवचातच, थंड आणि कोरड्या जागी ठेवावेत. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत तर फ्रिजच बरा. सोललेला गर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये सहा महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतो. बरणी कांदा-लसणापासून दूर ठेवा, कारण गर वास चटकन ओढून घेतो. बुरशी दिसलेला गर मात्र कापून, धुऊन वापरू नका; सरळ टाकून द्या.

खाण्याचा माझा आवडता प्रकार काश्मिरीच आहे: अक्रोड, दही, मिरची आणि मीठ वाटून केलेली चटणी, जिला तिथे ‘डून चेटिन’ म्हणतात. काश्मिरी पंडितांच्या घरी हेरथला, म्हणजे महाशिवरात्रीला, अक्रोड पाण्यात भिजवतात आणि नंतर प्रसाद म्हणून वाटतात.

हवेत सुकून घट्ट होणारे अक्रोडाचे तेल युरोपातले चित्रकार रंगात मिसळत असत. घरातही त्याचा उपयोग होतो. या सागवानी पाटावर हा ओरखडा दिसतो आहे ना? त्यावर गराची एक फोड दाबून घासतो, बोटाने तेल मुरवतो आणि थोड्या वेळाने सुती कापडाने पुसतो. आता तो ओरखडा जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही.